उंच मुली हव्या होत्या

मला बास्केटबॉलमधून उचलून नेटबॉलमध्ये नेलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मला कुणी विचारलंच नाही असं म्हणता येणार नाही. स्टेडियमच्या मागच्या कँटीनमध्ये, चहाचा ग्लास माझ्यापुढे सरकवून सरांनी विचारलं होतं. पण मी 'नाही' म्हणाले असते, तर ते ऐकून घ्यायला तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

सर म्हणजे माझे कोच. त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आठवीत होते. आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते. आई घर सांभाळायची आणि उरलेला वेळ माझ्या उंचीची काळजी करायची. बाजारातली सलवार मला घोट्याच्या वरच राहायची, मग आई खाली त्याच रंगाच्या कापडाची पट्टी जोडायची. दोन-तीन महिन्यांत ती पट्टीही कमी पडायची. "हिला मुलगा कुठून मिळणार?" हे वाक्य आमच्या घरात भांड्यांच्या आवाजासारखं रोजचं होतं. वर्गात मी शेवटच्या बाकावर, फोटोत शेवटच्या रांगेत, आणि चालताना खांदे पाडून. उंच मुलींना खांदे पाडायला कुणी शिकवावं लागत नाही.

सर शाळेत टीम निवडायला आले होते. त्यांनी मला ओळीतून बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "हाथ ऊपर कर." मी केले. "कूद." मी उडी मारली. "कल सुबह से आना." एवढंच. माझ्या उंचीकडे बघून आनंद झालेला मी पाहिलेला तो पहिला माणूस.

ते पहाटे स्कूटरवर यायचे. जाळीच्या पिशवीत दोन चेंडू हँडलला लटकवलेले असायचे. शाळेचं कोर्ट सिमेंटचं होतं आणि एका बाजूची रिंग थोडी खाली झुकलेली होती. एक अख्खा हिवाळा त्यांनी माझा उजवा हात त्यांच्याच मफलरने पाठीमागे बांधून ठेवला आणि मला फक्त डाव्या हाताने खेळायला लावलं. दिल्लीच्या धुक्यात रिंग नीट दिसायची नाही. चेंडू लोखंडावर आपटला की बोर्डावर, ते आवाजावरून कळायचं. मी वैतागले की म्हणायचे, "दायाँ तो सबका चलता है, बेटा. बायाँ तेरा अपना होगा." घरी आले की डावा खांदा इतका दुखायचा की आई मला भरवायची आणि सरांना शिव्या द्यायची.

पुढे मी सेंटर झाले. सेंटर म्हणजे रिंगखाली उभी राहणारी. धक्के खायचे, धक्के द्यायचे, आणि वरून खाली येणारा प्रत्येक चेंडू आपलाच समजायचा. मला ते फार आवडायचं. बाहेरच्या जगात मी सतत आक्रसून उभी असायचे. रिंगखाली जितकी जागा व्यापेन तितकं चांगलं होतं. तिथे कोपर बाहेर काढलं तर सर खूश व्हायचे.

मग दिल्लीच्या संघात, मग देशाच्या शिबिरात. पहिला आंतरराष्ट्रीय सामना परदेशातल्या एका बंदिस्त हॉलमध्ये होता. एसी इतका गार होता की माझी बोटं बधिर झाली होती. समोरच्या मुली माझ्याएवढ्याच उंच होत्या, काही माझ्याहून. आयुष्यात पहिल्यांदा मी मान वर करून कुणा मुलीकडे पाहिलं. आम्ही तो सामना हरलो. पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी डावीकडून आत घुसले आणि डाव्या हाताने बास्केट केली. रात्री हॉटेलमधून सरांना फोन लावला. "सर, बाएँ से किया." ते म्हणाले, "खाना खाया?" मी त्या एका प्रश्नावर पुढची तीन-चार वर्षं काढली.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगतेय की कँटीनमध्ये चहा पुढे सरकवणारा माणूस माझ्यासाठी कोण होता ते कळावं.

दिल्लीत मोठ्या स्पर्धा भरणार होत्या. सगळं शहर खणून ठेवलं होतं. यजमान देशाला प्रत्येक खेळात संघ उतरवायचा होता, आणि त्यात नेटबॉल होता. आपल्याकडे तो खेळणारे फारच थोडे. सर म्हणाले, "लंबी लड़कियाँ चाहिए. मैंने तेरा नाम दे दिया है."

"सर, मुझे नेटबॉल नहीं आता."

"यहाँ किसको आता है?" ते हसले. "सीख लेंगे सब."

"और मेरी जगह?"

"तेरी जगह कहाँ जाएगी? दो साल की बात है. खेल के वापस आ जाना. मैं बैठा हूँ ना."

मी चहा प्यायले. घरी सांगितलं तेव्हा बाबा खुर्चीतून उठलेच. परदेशातले माझे सामने त्यांनी कधी पाहिले नव्हते. आता देशाच्या जर्सीत मला आपल्याच शहरात बघायला मिळणार होतं. त्यांनी ऑफिसातल्या लोकांची पासांसाठी नोंदसुद्धा मनातल्या मनात करून टाकली. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "पण तुला आवडेल का ते?"

"आवडायचंय काय त्यात? चेंडूच आहे."

नेटबॉल लांबून बास्केटबॉलसारखा दिसतो. रिंग असते, पण मागे बोर्ड नसतो. चेंडू आपटत पळता येत नाही. हातात आला की पाय जागेवर थांबले पाहिजेत आणि तीन सेकंदांच्या आत तो दुसरीला दिला पाहिजे. समोरच्या खेळाडूच्या अंगाला लागायचं नाही, तीन फूट लांब उभं राहून अडवायचं. अंगाला लागलं की शिट्टी, आणि शिक्षा अशी की तुम्ही तिच्या शेजारी हात खाली सोडून उभं राहायचं आणि ती गोल करताना बघायचं. छातीवर दोन इंग्रजी अक्षरांचा बिल्ला लावलेला असतो. माझी अक्षरं गोलकीपरची होती.

थोडक्यात, मला जे जे येत होतं ते सगळं तिथे गुन्हा होतं. पहिले काही महिने शिबिरात दिवसभर माझ्याच नावाच्या शिट्ट्या वाजायच्या. चेंडू हातात आला की माझा हात आपोआप तो जमिनीवर आपटायला जायचा. प्रत्येक चुकीला मैदानाला एक फेरी. हँडबॉल, व्हॉलीबॉल, उंच उडी, कुठून कुठून उचललेल्या मुली तिथे होत्या आणि आम्ही सगळ्या दुपारच्या उन्हात आपापली सवय मोडायला पळत होतो. माझ्या खोलीत सोनीपतची एक हँडबॉलवाली होती. ती रात्री पायांना तेल चोळत म्हणायची, "यार, हमको खेल नहीं सिखा रहे. भुला रहे हैं."

तिनेच एकदा सहज बोलता बोलता सांगितलं की सरांना या संघाबरोबर नेमणूक मिळाली आहे. इतकी वर्षं ते कंत्राटावर होते. खेळाडू आणून दिल्या तर पक्कं करतो, असं त्यांना वरून सांगितलं होतं. "तेरे को नहीं पता था?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. ते गुपित नव्हतंच. सगळ्या शिबिराला ठाऊक होतं. मी सरांकडे जाऊन काही विचारलं नाही. मनाशी म्हटलं, त्यांचंही भलं होतंय, माझी जागाही आहे, मग बिघडलं कुठे?

स्पर्धेत आम्ही प्रत्येक सामना हरलो, आणि चांगल्याच फरकाने. लहानपणापासून हा खेळ खेळत आलेल्या देशांच्या संघांसमोर दोन वर्षांत शिकलेला संघ जसा दिसेल तशा आम्ही दिसलो. प्रेक्षकांत शाळेची मुलं बसगाड्यांतून आणून बसवलेली होती. त्यांना नियम माहीत नव्हते, त्यामुळे चेंडू रिंगमध्ये गेला की कुणाचाही असो, ती टाळ्या वाजवायची. माझ्यासमोरची शूटर माझ्याहून उंच होती, शांत, हसरी. तिने माझ्या डोक्यावरून गोल केले, पुन्हा केले, करतच राहिली. मध्येच तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काहीतरी चांगलं बोलली. त्या हाताचा मला फार राग आला. कुणी कीव करावी म्हणून मी मफलरने हात बांधून घेतला नव्हता.

बाबा स्टँडमध्ये उभे राहून टाळ्या वाजवत होते, कधी कधी चुकीच्या वेळीही. सामना संपल्यावर त्यांनी ऑफिसातल्या लोकांशी माझी ओळख करून दिली. "मुलगी माझी. नॅशनल टीम." त्यांचा चेहरा बघून मी हसत राहिले.

स्पर्धा संपल्या आणि मी बास्केटबॉलच्या शिबिराच्या निवड चाचणीला गेले. सर तिथे येणार होते. आले होतेही. बाजूच्या बाकावर निवड समितीच्या लोकांबरोबर बसले होते. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी नेहमीसारखं डोक्यावर हात ठेवला.

चाचणीतला पहिला सामना सुरू झाला. काही मिनिटांतच समोरच्या संघाचा पास तुटला आणि चेंडू माझ्या हातात आला. पुढे पूर्ण कोर्ट मोकळं होतं. रिंग समोर, मध्ये कुणी नाही. अशा वेळी काय करायचं हे मला झोपेतही आलं असतं. आणि माझे पाय थांबले. दोन्ही पाय जमिनीला खिळले, चेंडू छातीशी आला आणि माझी मान कुणाला पास द्यावा ते शोधू लागली. दोन सेकंद, कदाचित तीन. मागून एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी पळत आली, तिने माझ्या हातातून चेंडू काढून घेतला आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बास्केट केली. बाकावरून कुणीतरी हसलं. निवड समितीतला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "नेटबॉलवाली है ना ये?" हॉलमध्ये आवाज घुमतो. मला स्पष्ट ऐकू आलं.

मी सरांकडे पाहिलं. ते मोबाइलमध्ये काहीतरी बघत होते.

मला वेळ हवा होता, एवढंच. दोन-तीन महिने शिबिरात ठेवलं असतं तर पाय परत शिकले असते. पाय मूर्ख नसतात. पण माझ्या जागी ती एकोणीस वर्षांची मुलगी होती, तीही चांगली होती, आणि तिला कुठेही उसनी पाठवलेली नव्हती. बाहेर पार्किंगमध्ये मी सरांना गाठलं. ते म्हणाले, "तेरा तो अब नेटबॉल में नाम है. वहीं खेल." नवी मोटारसायकल होती त्यांच्याकडे. स्टार्ट करून गेले.

नेटबॉलमध्ये माझं काय नाव होतं? स्पर्धा झाल्यावर त्या खेळाची कुणालाच गरज उरली नव्हती. परदेशात आणखी एक स्पर्धा खेळले. मग पदाधिकाऱ्यांची आपसात भांडणं लागली, शिबिरं बंद झाली, फोन यायचे थांबले. मी कधी निवृत्त झाले नाही. मला कुणी काढलंही नाही. एखाद्या दुकानाचं शटर अर्धं ओढून मालक जेवायला जातो आणि परत येतच नाही, तसं काहीसं झालं. माझा गुडघा गेला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. गुडघा गेलेल्या खेळाडूचं दुःख लोकांना कळतं. माझे गुडघे ठणठणीत होते, आजही आहेत. मयूर विहारातल्या आमच्या चौथ्या मजल्यावर मी लिफ्ट न वापरता चढते.

लग्न झालं. नवरा पुण्याचा, नोएडात आयटीत. माझ्याहून दोन इंच बुटका, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही, म्हणून मी हो म्हटलं. लग्नाच्या फोटोग्राफरने मात्र प्रत्येक फोटोत मला खुर्चीवर बसवलं. नोएडातल्याच एका शाळेत मी खेळाची शिक्षिका झाले. प्रिन्सिपल मॅडम पाहुण्यांपुढे माझी ओळख मोठ्या कौतुकाने करून देतात, की आमच्या मॅम दोन खेळांत भारताकडून खेळल्या आहेत. पाहुणे भुवया उंचावतात. "दो-दो! कौन कौन से?" मी सांगते. बास्केटबॉलला मान डोलावतात. नेटबॉलवर थबकतात आणि विचारतात, "वो वॉलीबॉल जैसा?" मी हो म्हणते. समजावून सांगायचा मला कंटाळा येतो. लोकांना वाटतं दोन खेळ म्हणजे दुप्पट काहीतरी. बास्केटबॉलच्या जुन्या मैत्रिणी जमतात तेव्हा मला बोलावत नाहीत, कारण मी 'सोडून गेले' होते. आणि नेटबॉलवाल्यांनी जमावं असं तिथे कुणी उरलंच नाही.

मागच्या वर्षी सोनीपतवालीचा फोन आला. सर आजारी आहेत, एकदा बघून ये. माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं, "सोड ना यार. काय मिळणार आहे जाऊन?" मला काय मिळवायचं होतं ते मला नीट माहीत होतं. मला त्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. 'चूक झाली' एवढंही चाललं असतं.

ते मुलाकडे राहत होते, हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला, उतारावरच्या एका गल्लीत. ई-रिक्षात मी वाक्यं जुळवत होते. सुनेने दार उघडलं. सर दिवाणावर उशांना टेकून बसले होते. खूप वाळले होते, पण डोकं जागेवर होतं. क्रिकेटचा सामना बघत होते आणि प्रत्येक चेंडूवर मत देत होते. मला बघून खुलले. सुनेला म्हणाले, "पहचाना? हमारी नेटबॉल की कप्तान थी ये."

मी कप्तान कधीच नव्हते. ते मी सोडून दिलं. पण दुसरं मला सोडवेना. "सर, मैं बास्केटबॉल की थी. आपने सिखाया था. स्कूल में."

"हाँ हाँ, शुरू में तो सब वही खेलती थीं," ते म्हणाले. "पर नाम तेरा नेटबॉल में हुआ. मेरे पास फोटो भी है." सुनेने कपाटावरून फ्रेम काढून दिली. संघाचा फोटो होता. मी मागच्या रांगेत, सर पुढे मध्यभागी, ब्लेझर घालून. त्या भिंतीवर, त्या कपाटावर बास्केटबॉलचं काहीही नव्हतं. त्यांनी मला आठ-नऊ वर्षं शिकवलं होतं. ती वर्षं त्यांना आठवत नव्हती असंही नाही. त्यांना ती महत्त्वाची वाटत नव्हती.

सून चहा करायला आत गेली. मी विचारलं, "सर, आपने कहा था मेरी जगह रहेगी. कैंटीन में. याद है?"

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. खरंच विचार केला. "कहा होगा," ते म्हणाले. "उस वक़्त तो सबसे यही कहता था. नहीं तो आता कौन?"

ते पुढे म्हणाले, "उन्नीस साल कच्चे में काटे थे, बेटा. हर साल मार्च में डर लगता था, आगे रखेंगे कि नहीं. उसके बाद नहीं लगा." आणि मग, जणू माझंही त्यात भलंच झालं होतं अशा सुरात, "तू भी तो इंडिया खेल गई."

"मैं पहले से खेल रही थी, सर."

"हाँ," ते म्हणाले, आणि त्यांचं लक्ष पुन्हा टीव्हीकडे गेलं. कुणीतरी झेल सोडला होता.

चहा आला. मी प्यायले. सुनेने मठरी आग्रहाने खायला घातली, तीही खाल्ली. जाताना मी वाकले नाही. त्यांनी हात उचलला होता. डोकं खाली आलं नाही, म्हणून तो हवेतच राहिला आणि मग त्यांनी तो उशीवर ठेवला. मला ते दिसलं आणि मला बरं वाटलं. खाली उतरताना त्या बरं वाटण्याचीच चीड आली. म्हातारा, आजारी माणूस, आणि मी त्याच्यावर एवढा एक सूड उगवू शकले होते.

या हिवाळ्यात ते गेले. सोनीपतवालीने शोकसभेचं कळवलं आणि म्हणाली, "तू दो मिनट बोल दे. तेरे को तो उन्होंने ही बनाया था."

"स्कूल में टूर्नामेंट है," मी म्हटलं.

"इतवार को?"

"हाँ."

त्या रविवारी मी घरीच होते. दुपारभर बाल्कनीतल्या उन्हात मटार सोलत बसले. नवरा दोन-तीनदा येऊन डोकावून गेला. शेवटी समोर बसला, चार शेंगा सोलल्या आणि म्हणाला, "जायला हवं होतंस का? नंतर वाईट वाटेल."

"तिथे मला रडू आलं असतं," मी म्हटलं. "आणि सगळ्यांना वाटलं असतं की मी त्यांच्यासाठी रडतेय."

त्याने आणखी एक मूठ शेंगा उचलल्या. आम्ही उन्हं जाईपर्यंत सोलत राहिलो.